ओटोचा श्टोलन

नोव्हेंबर संपत आला की आमच्या आधीच्या स्टॉपवर ट्रामचं दार उघडतं आणि माणसांच्या आधी वास आत चढतो. लोणी, रममध्ये भिजलेले बेदाणे, लिंबाची साल आणि त्यामागे कुठेतरी कडू बदामाची चुणूक. कोपऱ्यावरच्या बेकरीत श्टोलन भाजायला सुरुवात झालेली असते. ड्रेस्डेनमध्ये कुणाला हे सांगावं लागत नाही, पण मिरजेला सांगावं लागतं, म्हणून सांगते. श्टोलन म्हणजे ब्रेड आणि केक यांच्या मधलं एक जडशीळ प्रकरण. लांबट आकार, वर पिठीसाखरेचा जाड थर, दुपट्यात गुंडाळलेल्या बाळासारखा. भाजल्यावर लगेच खायचा नाही, आठवडेच्या आठवडे मुरू द्यायचा. पहिल्या वर्षी हे आम्हाला कुठलं माहीत असायला! नाताळात कुणीतरी मुरलेला श्टोलन भेट दिला, तर माझा नवरा सुहास एक तुकडा चघळत म्हणाला, "शिळा दिलाय गं आपल्याला."

यंदाही तो वास आला आणि मी नेहमीप्रमाणे एक स्टॉप आधीच उतरले. तसं काही काम नव्हतं. फॅक्टरीत दिवसभर पांढरा झगा, पांढरी टोपी, तोंडाला मास्क लावून कॉम्प्युटरच्या चिपांवरच्या धुळीशी भांडायचं, तिथे वास म्हणून काही नसतोच. त्यामुळे असेल, पण या दिवसांत माझं नाक अधाशी होतं. बेकरीच्या काचेवर वाफ धरली होती. मी तिथे उभी राहिले आणि मला आईंचे पायमोजे आठवले. सासूबाईंचे. सुहासचे काळे लोकरीचे, टाचेपाशी ढगळ झालेले पायमोजे, आणि ते घालून आमच्या बिल्डिंगच्या उंबऱ्यावर उभ्या असलेल्या आई.

त्या वर्षी उन्हाळ्यात आप्पा गेले. माझे सासरे. काही हाल नाहीत, दुखणं नाही, दुपारचा चहा अर्धा प्यायले आणि गेले. दिवसकार्य आटोपलं तसं सुहास आईंना घेऊनच आला. मिरजेच्या घरात एकट्या कशा राहतील, असा प्रश्न सगळ्यांनी विचारला. ड्रेस्डेनच्या घरात एकट्या कशा राहतील, हा प्रश्न कुणाला सुचला नाही. आम्ही दोघं सकाळी सातला बाहेर. इरा, आमची लेक, तेव्हा दुसरीत, ती शाळेत. आई खिडकीपाशी खुर्ची ओढून बसायच्या आणि समोरच्या लिंडनच्या झाडाची पानं गळताना बघायच्या. मग पानं संपली.

वर्षभर आपल्यात सण नसतो, हे खरंच. पण आईंनी सणाबरोबर साखरही सोडली. चहा बिनसाखरेचा, शिऱ्याचं तर नावच नको. दिवाळीत मी म्हटलं, "आई, पोरीसाठी म्हणून चार लाडू करू या का?" तर म्हणाल्या, "तू कर गं. माझ्या हातून नाही व्हायचं." त्यांच्या हातचे रव्याचे लाडू आख्ख्या गल्लीत प्रसिद्ध. तेच हात आता मांडीवर एकावर एक ठेवलेले. ब्लाउज खांद्यावरून उतरायला लागले होते. आप्पांचं नाव घातलेलं स्टीलचं फुलपात्र त्या सोबत घेऊन आल्या होत्या, त्यातूनच पाणी प्यायच्या, आणि प्यायल्यावर नावावरून अंगठा फिरवायच्या. मला भीती वाटायची. आपण या बाईला सोबत द्यायला म्हणून आणलं आणि अजूनच एकटं पाडलं. अशाच कणाकणानं कमी होत गेल्या तर?

खालच्या मजल्यावर फ्राऊ नॉयबर्ट राहायच्या. ऐंशी पार केलेल्या, पाठीत वाकलेल्या, पण जिभेला धार. जिना पुसायची आमची पाळी चुकली की दारावर टकटक व्हायची. मी त्यांना भ्यायचे. इरा मात्र शाळा सुटल्यावर आम्ही येईपर्यंत त्यांच्याच स्वयंपाकघरात बसायची, कोको प्यायची आणि त्यांच्यासारखं "गेनाऊ", म्हणजे "अगदी बरोबर", म्हणायला शिकायची. आमची इरा म्हणजे त्या बाबतीत कहर होती. मराठी सगळं कळायचं, पण उत्तर जर्मनमध्ये. आईंनी "जेवलीस का बाळा?" विचारावं आणि हिनं जर्मनमध्ये पोट भरल्याचं सांगावं. आई माझ्याकडे बघायच्या, मी दुसरीकडे बघायचे.

आई आल्यावर इराला खालून आणायचं काम त्यांच्याकडे आलं. पहिले काही दिवस त्या दारातूनच हाक मारून परतायच्या. आणि एक दिवस आल्याच नाहीत. मी घरी पोचले तर वर अंधार. धावत खाली गेले, तर फ्राऊ नॉयबर्टच्या टेबलाशी आई बसलेल्या, पुढ्यात गरम पाण्यात भिजवलेल्या बदामांचं मोठं भांडं, आणि चिमटीत धरून एकेक बदाम सालीतून पुटकन बाहेर काढणं चाललेलं. फ्राऊ नॉयबर्टची बोटं संधिवातानं वाकडी झालेली, त्यांना बदाम सोलता येत नव्हते. आईंना ते बघवलं नाही.

"अगं, त्या नुसत्या ओरबाडत होत्या," आई मला म्हणाल्या. "असे सोलतात का बदाम!"

बऱ्याच दिवसांनी त्यांच्या बोलण्यात तो जुना खणखणीतपणा ऐकला. मला रडूच आलं, पण मी स्कार्फ काढायचं निमित्त करून पाठ फिरवली.

मग ते रोजचंच झालं. दोघींना एकमेकींची भाषा ओ की ठो येत नव्हती. मध्ये इरा. आजीचं मराठी जर्मनमध्ये सांगणं तिला सोपं, पण फ्राऊ नॉयबर्टचं जर्मन आजीला सांगायचं तर मराठी तोंडातून काढावंच लागे. मोडकंतोडकं, कर्ता एकीकडे, क्रियापद दुसरीकडे, पण निघायला लागलं. मी कामावरून आले की कोट न काढताच त्या स्वयंपाकघरात टेकायचे. बाहेर चार वाजता काळोख, आत संत्र्याच्या सालीचे तुकडे करणाऱ्या सुरीचा आवाज. आयुष्यात मी इतकी निवांत कधी बसले नसेन.

तिथेच ते सगळं ऐकलं. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा फ्राऊ नॉयबर्ट एवढीशी पोर होती, हिल्डे. शहर पडलेलं. हिची आई आणि ही, दोन खोल्या, त्यातल्या एकीत पूर्वेकडून पळून आलेलं एक परकं कुटुंब. आई दिवसभर ढिगाऱ्यातल्या विटा साफ करायला जायची, ही चुलीत घालायला काटक्या आणि कोळशाचा चुरा वेचायची. पण नाताळ आला की त्या बाईच्या अंगात यायचं. बेदाणे नसले तर वाळवलेलं सफरचंद, लिंबाच्या सालीऐवजी पाकवलेलं गाजर, साखरेऐवजी बिटाची काकवी. बदामाची मिठाई म्हणून तिनं रवा शिजवून, त्यात कडू बदामाच्या अर्काचे दोन थेंब घालून गोळ्या वळल्या होत्या.

"रव्याच्या?" आई थबकल्या. "म्हणजे लाडूच की ते."

इरानं सांगितलं. फ्राऊ नॉयबर्टनी हातानं लाडवाएवढा आकार करून दाखवला. आईंनी मान हलवली आणि तो आकार दोन्ही हातांनी जरा लहान, जरा गोल करून दिला. लाडू वळणाऱ्या बाईला राहवत नाही ते असं.

श्टोलन भाजायला घरात भट्टी नसायची. सगळ्या बायका आपापलं सामान घेऊन बेकरीत जायच्या आणि बेकरवर डोळा ठेवून तिथेच बसायच्या, आपलं लोणी दुसरीच्या पिठात जायला नको म्हणून. हे ऐकून आई पहिल्यांदा हसल्या. मिरजेला नानकटाई भाजून आणायला आम्ही काय वेगळं करत होतो? रवा, पिठी, तूप घेऊन बेकरीत ठाण मांडायचं आणि भट्टीवाल्याची नजर आपल्या तुपावर जाऊ द्यायची नाही. फक्त आपले डबे ओळखू यावेत म्हणून आम्ही डब्यावर नाव घालायचो. इथे प्रत्येक घराची पत्र्याची छोटी चकती असे, नाव कोरलेली, ती कच्च्या श्टोलनमध्येच खोचायची.

फ्राऊ नॉयबर्टकडे अशा दोन चकत्या होत्या. एक घराच्या नावाची. दुसरीवर नुसतं "ओटो". ओटो म्हणजे हिल्डेचे वडील. लढाईवर गेले ते गेलेच. मेल्याचं पत्र नाही, कैदेत असल्याचं नाही, बेपत्ता एवढंच. हिल्डेची आई दरवर्षी त्यांच्या नावाचा एक छोटा श्टोलन वेगळा भाजायची आणि थंड खोलीत कपाटावर ठेवायची. नाताळात आले तर नाताळात, नाहीतर ईस्टरपर्यंत कधीतरी येतील. तोवर त्याला कुणी हात लावायचा नाही. घरात खायला नसताना, भुकेली पोर त्या कपाटाकडे बघत झोपायची. ईस्टरला आई तो कापायची, तेव्हा तो विटेसारखा झालेला असे. जवाच्या कॉफीत बुडवून दोघी खायच्या. आणि पुढच्या नोव्हेंबरात पुन्हा ओटोचं पीठ वेगळं निघायचं. आई म्हातारी होऊन वारली, मग हिल्डेनं चालू ठेवलं. लग्न झालं, नवरा झाला आणि गेला, राज्य बदललं, ओटोचा श्टोलन कपाटावरच.

इराला हे सांगताना बराच वेळ लागला. आई बदाम सोलत ऐकत होत्या.

"म्हणजे त्यांचं पान वाढतात," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "पण तिथी?"

मी म्हटलं, "आई, तिथी कुठली, ते गेलेत की नाही हेच कळलं नाही त्यांना."

"त्याला काय होतं? ज्यांची तिथी ठाऊक नाही त्यांच्यासाठीच तर सर्वपित्री. इरा, सांग त्यांना."

इरा अडली. सर्वपित्रीला जर्मनमध्ये काय म्हणणार? मग ती म्हणाली, आमच्याकडे एक दिवस असतो, जे कुणाला सापडले नाहीत त्यांचा. फ्राऊ नॉयबर्ट चष्मा काढून पुसायला लागल्या. आईंनी त्यांच्याकडे सोललेल्या बदामांची वाटी सरकवली. दुसरं काय करणार?

आता लिहिताना वाटतं, मी त्या काळात दोघींना जरा जास्तच गोड करून आठवते. तशा त्या भांडल्याही. आईंना रमचा वास सहन व्हायचा नाही, फ्राऊ नॉयबर्टना आईंनी वेलची सुचवलेली खपली नाही. "नाइन!" असा साफ नकार देऊन त्यांनी डबीचं झाकण लावून टाकलं, आणि आई वर येऊन मला म्हणाल्या, "हट्टी आहे बाई." हे म्हणताना मात्र त्यांचा चेहरा खुलला होता. त्यांना वर्षानुवर्षं हट्टी माणसाची सवय, आप्पा काही कमी नव्हते.

भाजायच्या दिवशी मी रजा घेतली. फ्राऊ नॉयबर्टना बर्फातून चालवणार नव्हतं, त्या घरीच थांबल्या. आई, इरा आणि मी, इराच्या लाकडी घसरगाडीवर सामान बांधून निघालो. आईंनी नऊवारीवर सुहासचा जाडा कोट आणि पायात त्याचेच बूट घातलेले. बेकरीत बायकांची रांग होती, सगळ्या आपापल्या पिठाकडे बघत. आई त्यांच्यात अशा जाऊन बसल्या जशा काही जन्मापासून तिथे येत होत्या. बेकर म्हणाला, "हे बघा, गरम आहेत, उद्या न्या, वाटेत मोडतील." पण फ्राऊ नॉयबर्टची आई त्याच दिवशी घरी आणायची, म्हणून आम्हीही आणणारच. मोठे श्टोलन घसरगाडीवर ठेवले. ओटोचा छोटा होता, तो आईंनी फळीवर घेऊन, वर पांढरं फडकं घालून हातात धरला. घसरगाडीवर नको म्हणाल्या. रस्ताभर त्यांची नजर फळीवर.

आणि दारात ते झालं. फ्राऊ नॉयबर्ट जिन्यात वाट बघत उभ्या होत्या. इथे बिल्डिंगच्या दारात कुणी बूट काढत नाही, आपापल्या घराशी काढतात. पण आईंच्या हातात कुणाच्या तरी वडिलांचं पान होतं. ते घेऊन बुटानिशी उंबरा ओलांडणं त्यांच्या बापजन्मी शक्य नव्हतं. मी "अहो आई, आत या, इथे नको" म्हणेपर्यंत त्यांनी एका हातावर फळी तोलून दुसऱ्या हातानं बूट ओढला. एक निघाला. दुसरा सुहासचा, ओला, घट्ट बसलेला. त्या डगमगल्या. फळी कलली आणि ओटोचा श्टोलन घसरून उंबऱ्यावर पडला. मधोमध मोडला. आतून वाफ आली.

फ्राऊ नॉयबर्ट मटकन पायरीवर बसल्या. चेहरा पांढराफटक. इरा मला चिकटली आणि जर्मनमध्ये कुजबुजायला लागली. मी तिला गप्प केलं. आईंना कळलं की नुसतं सांडण्यापेक्षा काहीतरी मोठं झालंय. "काय म्हणते ती? मला सांगा," त्या म्हणाल्या. मी काहीबाही सांगायला तोंड उघडलं, पण इरानं आजीकडे बघून चक्क मराठीत सांगितलं, "आजी, मोडला की घरातलं कोणीतरी मरतं. त्या म्हणाल्या होत्या."

मला त्या क्षणी इराला धपाटा घालावासा वाटला. इतके महिने जी गोष्ट या बाईसमोर आम्ही जपून जपून बोलत होतो ती अशी उंबऱ्यावर पडलेली. खाली ऐंशी पार केलेली म्हातारी, समोर सहा महिन्यांपूर्वी कुंकू पुसलेली दुसरी. मी कुणाकडे बघू?

आई वाकल्या. मोडक्याचे दोन्ही भाग उचलले, फुंकर घातली, फडक्यात घेतले. मग एका पायात बूट आणि एका पायात ढगळ पायमोजा अशा जाऊन फ्राऊ नॉयबर्टच्या शेजारी पायरीवर बसल्या.

"सांग गं त्यांना," त्या इराला म्हणाल्या. "म्हणावं, जायचं माणूस आमच्या घरातून आधीच गेलंय. यंदाचा हिशेब पुरा झाला. आता कुणी जायचं नाही."

इरानं थोडा विचार केला आणि जर्मनमध्ये सांगितलं, "आजोबा आधीच वारलेत. म्हणून हे धरायचं नाही."

आणि मग आईंनी मोडलेल्या जागेचा एक तुकडा तोडला. बेदाणा दिसत होता त्यात, फुगलेला. तो त्यांनी तोंडात घातला. उन्हाळ्यापासून साखरेचा कण न घेतलेल्या बाईनं, माझ्या डोळ्यांदेखत. चावत राहिल्या, डोळ्यांतून पाणी वाहत राहिलं, पुसलंही नाही. मग दुसरा तुकडा तोडून फ्राऊ नॉयबर्टच्या हातात दिला आणि जेवायला बसलेल्या पोराला म्हणावं तसं मराठीतच म्हणाल्या, "खा. गरम आहे तोवर खा."

हे भाषांतर करायची गरज पडली नाही. फ्राऊ नॉयबर्टनी हातातल्या तुकड्याकडे खूप वेळ पाहिलं. मग खाल्ला.

"किती मऊ असतो," त्या म्हणाल्या. एवढंच. जन्मभरात ओटोचा श्टोलन त्यांनी मऊ असा कधी खाल्ला नव्हता.

आम्ही चौघींनी मिळून तो तिथेच पायरीवर संपवला. साखर लावायची राहिलीच होती, कुणाला आठवण झाली नाही. वरच्या मजल्यावरचा शेजारी सायकल घेऊन आला, आम्हाला ओलांडून कसा जाऊ असा उभा राहिला, तर आईंनी त्यालाही एक तुकडा दिला.

त्या वर्षी कुणी गेलं नाही. त्यानंतरही बरीच वर्षं. आई मार्चमध्ये मिरजेला परतल्या, ब्लाउज अंगाला नीट बसत असताना. जाण्याआधी आप्पांचं वर्ष संपलेलं नव्हतं तरी त्यांनी रव्याचे लाडू केले, खाली दिले, आणि मला म्हणाल्या, "मी कुठे सण करते आहे? त्यांना शिकवते आहे." पुढच्या नोव्हेंबरात त्यांच्याकडून एक पाकीट आलं. आत स्टीलची छोटी पट्टी, त्यावर भांड्यांच्या दुकानातल्या माणसाकडून घालून घेतलेलं नाव, "आप्पा". तो विचारत होता म्हणे, मावशी, भांडं कुठाय? बेकरनं ती पट्टी उलटसुलट बघितली आणि पिठात खोचली. तेव्हापासून ओटोच्या शेजारी आप्पा भाजले जातात. आप्पांना लोणी आवडायचंच.

फ्राऊ नॉयबर्ट यंदाच्या ईस्टरनंतर गेल्या, झोपेत. ओटोची चकती त्यांनी गेल्याच वर्षी इराला दिली होती. इरा आता माझ्या खांद्यापर्यंत नाही, माझ्या वर गेली आहे, आणि आजीशी फोनवर मराठीत भांडते. या वेळी बदाम तिनंच सोलले.

काल बेकरीतून आणले. तीन. ओटो, आप्पा, आणि मिरजेहून आलेली नवी पट्टी, "हिल्डा". आईंना ती कायम हिल्डाच. बेकरनं नेहमीचं बजावलं, निदान तीन आठवडे हात लावू नका. घरी येऊन मी ते ओळीनं ओट्यावर ठेवले, कपाटावर जागा केली आणि आईंना फोन लावला. त्यांनी कॅमेऱ्यातून तिन्ही नीट बघून घेतले, अजून जवळ धर म्हणाल्या, अजून.

"त्या दोघांचे ठेव मुरायला," त्या म्हणाल्या. "हिल्डाचा आत्ताच काप."

"अहो आई, बेकर म्हणालाय..."

"बेकरला काय कळतंय? तिनं जन्मभर वाट बघून शिळा खाल्लाय, बाई. तिला ताजा वाढ."

इरा उंबऱ्यातच बूट काढत होती. ती तशीच पायमोज्यांवर आत आली, सुरी घेतली, आणि मी नको म्हणायच्या आत पहिला काप पाडला. आतून अजून वाफ येत होती.